माझ्या पाठीमागची ओल

मी कपाट बोलतोय. दोन दारांचं, आतून आरसा लावलेलं, माणसापेक्षा हातभर उंच. जरा लांबून ऐकलंत तरी चालेल. माझ्या अंगाला वास येतो हे मला ठाऊक आहे. मला नाक नाही, पण वास लाकडात मुरतो, आणि एकदा मुरला की तो आपलाच होऊन बसतो.

जन्मलो तेव्हा मात्र मला कोवळ्या लाकडाच्या भुश्शाचा आणि पॉलिशचा वास होता. एका सुताराच्या शेडमध्ये मी आकाराला आलो. चौकट, दारं आणि कप्पे भरीव लाकडाचे, पाठीला प्लायवूड. सुताराला माझ्या कडा इतक्या आवडल्या होत्या की जेवायला उठतानाही तो त्यांच्यावरून अंगठा फिरवून जायचा. मला नेताना त्याने मालकांना एवढंच सांगितलं, "लाकूड आहे साहेब, जरा हवा लागू द्या त्याला."

मालक म्हणजे त्या नव्या घराचे धनी. नुकतंच लग्न झालेलं, घरही नुकतंच बांधलेलं. त्यांच्या बायकोने मला मागच्या खोलीत खिडकीशेजारी उभं केलं. त्या बाईंना मी पुढे आईच म्हणणार आहे, कारण घरात सगळे त्यांना तेच म्हणत. आईंनी माझ्या कप्प्यांत कागद अंथरले, डांबरगोळ्या टाकल्या आणि कपड्यांच्या घड्या लावल्या. सकाळचं ऊन माझ्या एका दारावर यायचं. पुढे दोन मुलं झाली. थोरला लपाछपी खेळताना माझ्या पोटात बसून श्वास कोंडून धरायचा. धाकटी माझ्या आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करायची आणि स्वतःवरच रुसायची. ते दिवस चांगले होते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती या घराच्या एका सवयीबद्दल.

पाहुणे येणार म्हटलं की या घरात झाडलोट कमी आणि झाकपाक जास्त व्हायची. जेवणाच्या टेबलावर इस्त्रीचा डाग पडला होता, त्यावर टेबलक्लॉथ. भिंतीला तडा गेला; त्यावर कॅलेंडर. बैठकीच्या खोलीत मधोमध एक फरशी फुटली, तर त्यावर पायपुसणं टाकलं. खोलीच्या मधोमध पायपुसणं! एकदा एका मावशींनी विचारलंही, "अगं, इथे आधी दार होतं का?" सगळे हसले. मावशी गेल्या. पायपुसणं तिथेच राहिलं. पुढे नवीन पायपुसणं आणलं, पण फरशी काही आणली नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मालक म्हणायचे. हे त्यांचं आवडतं वाक्य. मूठ उघडून आत काय आहे ते बघावं, असं त्यांना कधी वाटलं नाही.

मग एके वर्षी मागच्या खोलीच्या आतल्या भिंतीला ओल आली. त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर. आधी हाताच्या पंजाएवढा डाग होता, चहा सांडल्यासारखा. मग तो वाढत गेला, कडेला पिवळी रेघ, मध्ये पोपडे. गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीला हात लावला, हात नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "पाईप गळतोय आतून. न्हाणीघराच्या फरश्या काढाव्या लागतील. आज नाही केलं तर भिंत कुजेल."

"पुढच्या वर्षी बघू," मालक म्हणाले.

आई म्हणाल्या, "अहो, तोवर मुलांच्या खोलीत असं ओलं कसं ठेवायचं?"

"ठेवायचं कुठे? झाकू की."

आणि मला ओढलं. खिडकीपासून, उन्हापासून, माझ्या जागेवरून. डागाला अगदी चिकटवून उभं केलं. दोन पावलं मागे जाऊन मालकांनी बघितलं आणि समाधानाने मान हलवली. "बघ! कुणाला कळतंय का?"

मला कळत होतं. पण माझं कोण ऐकणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आता पुढचं सांगताना मला स्वतःचीच किळस येते, पण सांगितलं पाहिजे. कपाटाला जाता येत नाही, वळता येत नाही, पाठ खाजवता येत नाही. भिंतीचा ओलावा माझ्या पाठीत शिरायला लागला. आधी प्लायवूड फुगलं. मग त्याचे पापुद्रे सुटले, भिजलेल्या वहीसारखे. मग बुरशी आली. पांढरी, मऊ, शेवाळासारखी नव्हे, तर केसांसारखी उभी राहणारी. तिच्यावर काळे ठिपके. त्या काळ्यावर हिरवट. तिच्यात शेंबड्या गोगलगाई हिंडायच्या आणि माझ्या पाठीवर चकचकीत चिकट रेघा सोडून जायच्या. झुरळांनी माझ्या खालच्या फळीमागे पिढ्या वाढवल्या. एक पाल कधीतरी मागे अडकून मेली. ती तिथेच वाळली, पुन्हा भिजली, पुन्हा वाळली. शेवटी ती भिंतीची झाली की माझी, हे सांगणं अवघड झालं.

आणि समोरून? समोरून माझी दारं दर महिन्याला पुसली जायची. आरसा चकचकीत.

कपड्यांना वास यायला लागला तेव्हा डांबरगोळ्या वाढल्या. डांबरगोळ्यांनी भागेना तेव्हा सुगंधी साबणाच्या वड्या आल्या. त्या दोन वासांत तिसरा बुरशीचा, असं काहीतरी भयंकर मिश्रण माझ्या पोटात तयार झालं. शाळेत धाकटीच्या मैत्रिणी तिला विचारायच्या, "तुझ्या स्वेटरला आजीच्या ट्रंकेचा वास का येतो गं?" ती घरी येऊन रडायची. पण पाईप कोणी बदलला नाही.

मुलं मोठी झाली. मालक गेले. गवंड्याने सांगितलेलं ते पुढचं वर्ष त्यांच्या हयातीत काही उगवलं नाही. धाकटी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तिथेच तिचं लग्न झालं. थोरल्याची बायको घरी आली. ती हुशार बाई. या घराची सवय तिने अशी उचलली की जणू माहेरूनच घेऊन आली होती. मागची खोली आता आईंची झाली. त्यांची खाट माझ्या अगदी शेजारी. आईंना खोकला लागला तो तेव्हापासून. पहाटे उठून त्या खाटेच्या कडेला बसायच्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून खोकायच्या. थोरला पलीकडच्या खोलीतून ओरडायचा, "आई, गरम पाणी पी!" आई गरम पाणी प्यायच्या. बुरशीला त्याचं काय?

मग एके दिवशी घर विकायचं ठरलं. थोरल्याने नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर जागा बघितली होती. तिथे लिफ्ट होती, बाल्कनी होती, आईंसाठी एक छोटी खोलीही होती. जुनं घर विकल्याशिवाय ती जागा हाती येणार नव्हती. दलाल आला. जाडसर, बोलका माणूस. सोफ्यावर बसल्याबसल्या म्हणाला, "एक सल्ला देतो साहेब. विकायला काढण्याआधी घराची तपासणी करून घ्या. त्यासाठी माणसं असतात. छप्पर, नळ, वायरिंग, ओल, सगळं बघतात. काय बिघडलंय ते आधीच कळलं की दुरुस्त करून टाकायचं. नाहीतर घेणारा ऐनवेळी खोट काढतो आणि भाव पाडतो."

मला वाटलं, सुटलो. कोणीतरी येणार, बघणार, आणि शेवटी का होईना हा पाईप निघणार. कपाटालाही आशा असते.

तपासणीच्या आदल्या दिवशी घरात काय चाललं होतं, सांगू? थोरला रंगाचा डबा घेऊन आला. छतावरचे डाग रंगवले. न्हाणीघरातल्या फरश्यांच्या काळ्या सांध्यांत पांढरी पूड भरली. सूनबाईंनी गळक्या नळाला आतून चिंधी बांधली. कॅलेंडर सरळ केलं. पायपुसणं धुतलं. माझ्या दोन्ही बाजूंनी भिंतीवर ओल डोकावत होती, तिच्यावर रंगाचे दोन हात मारले. एका बाजूला उंच कुंडी ठेवली, दुसऱ्या बाजूला घडी केलेली इस्त्रीची फळी.

आई दारात उभ्या राहून बघत होत्या. "अरे, पण त्या तपासणीवाल्या बाईला आपणच बोलावलंय ना?"

"हो."

"पैसे आपणच देणार ना?"

"मग?"

"मग तिच्यापासून लपवायचं कशाला? डॉक्टरकडे जाताना कोणी ताप लपवतं का रे?"

सूनबाई हसल्या. "आई, घर येणाऱ्याला नीटनेटकं दिसायला नको? कोणीही असो, पाहुणा तो पाहुणा."

आणि थोरला म्हणाला, "एकदा तिने ओल म्हटलं की कायमची ओल. मग पुसता येत नाही. तुला नाही कळायचं."

आईंनी पाठ फिरवली. उद्या ज्याच्या घरी राहायचं त्याला फार बोलता येत नाही, हे मी त्यांच्या पाठीच्या पोकात बघितलं. पण मला मात्र शिसारी आली. लबाडी लोकांशी करतात हे मी बघितलं होतं. स्वतःच पैसे देऊन बोलावलेल्या माणसाशी, स्वतःच्याच कामाच्या माणसाशी लबाडी करणारे मी पहिल्यांदाच बघितले. आणि त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. ती त्यांची झाडलोट होती!

तपासणीवाल्या बाई आल्या. रबरी बूट, कमरेला पट्टा, पट्ट्याला टॉर्च आणि ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र. त्या माळ्यावर चढल्या, छपरात वाकून आल्या, सगळे नळ सोडून ठेवले, विजेची बटणं दाबून बघितली. फरश्यांवर छोट्या हातोडीने टकटक करत चालल्या. पायपुसण्यापाशी थांबल्या, ते पायाने सरकवलं, फुटकी फरशी बघितली, पायपुसणं पुन्हा होतं तसं ठेवलं. चेहऱ्यावर काही नाही. मग मागच्या खोलीत आल्या आणि दारातच थांबल्या.

"वास कसला?"

"रूम फ्रेशनर," सूनबाई म्हणाल्या. "लॅव्हेंडर."

"त्याच्याखालचा."

सूनबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने खिडकीकडे बघितलं.

बाई माझ्याजवळ आल्या. कुंडी बाजूला केली. रंगावर बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. माझ्या आणि भिंतीच्या फटीत टॉर्च मारला, पण फट कसली, मी तर चिकटलेलो. त्या म्हणाल्या, "हे कपाट जरा पुढे घ्याल? मी घरातलं सामान हलवत नाही. आमचा नियम आहे, हलवताना काही मोडलं तर भांडण होतं. तुम्ही हलवा, मी थांबते."

मी मनातल्या मनात ओरडत होतो, हलवा रे, हलवा!

"भरलेलं आहे हो," सूनबाई म्हणाल्या. "जुनं आहे, पाय निखळेल त्याचा."

"थोडं रिकामं करून?"

"आज राहू द्या," थोरला म्हणाला. "त्याच्यामागे काही नाहीये. साधी भिंत आहे."

बाईंनी खांदे उडवले. "मग मी तसंच सांगेन. या कपाटामागची भिंत मी बघितलेली नाही. बाकी जे दिसलं ते ठीक आहे. किरकोळ कामं आहेत, ती करून घ्या." आणि निघताना दारात आईंकडे वळून म्हणाल्या, "आजी, तुम्ही इथे झोपता? खिडकी उघडी ठेवत जा."

त्या फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच घरात आनंदीआनंद झाला. थोरल्याने पेढे वाटायचेच बाकी ठेवले. "ठीक आहे म्हणाली! ऐकलंस ना? सगळं ठीक आहे!" न बघितलेली भिंत बघता बघता ठीक असलेली भिंत झाली. दोन दिवसांनी तर मला वाटलं, त्याला स्वतःलाही ते खरंच वाटायला लागलंय. फोनवर मित्रांना सांगायचा, "तपासणीत एक दोष निघाला नाही. जुनी बांधकामं ती जुनी बांधकामं!" रोज स्वतःच्या हाताने माझ्या बाजूच्या भिंतीवर रंगाचे पोपडे दाबून बसवायचा, आणि रोज हे बोलायचा. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? पण या घराने उजेड आणि कोंबडं दोन्ही झाकायची कला शिकून घेतली होती.

असाच एक फोन त्याने बहिणीला केला. आणि दोनच दिवसांत धाकटी दारात उभी. बरोबर तिची मुलगी. लहानखुरी, टपोऱ्या डोळ्यांची, सतत काहीतरी कुरतडणारी. आई तिला खारुताई म्हणत.

"दादा, मी ठरवलंय," धाकटी आल्याआल्या म्हणाली. "हे घर मीच घेते. बाहेर कशाला द्यायचं?"

थोरल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तू? तुला कशाला हे जुनं घर?"

"हिच्यासाठी. आमची भाड्याची जागा तळमजल्यावर, ओलीकच्च. हिला धाप लागते रे. रात्र रात्र बसवून ठेवावं लागतं. डॉक्टर म्हणाले, औषधं देतोच आहे, पण आधी कोरड्या, हवेशीर घरात राहायला जा. तेव्हापासून मी कोरडं घर शोधतेय. आणि तू म्हणालास, तपासणी करून घेतली, काही निघालं नाही." ती हसली. "घरबसल्या देव पावला म्हण की."

आई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी थोरल्याकडे बघितलं. मीही बघितलं.

"लहानपणी माझ्या स्वेटरला वास यायचा, ती ओल नाही ना निघाली?" धाकटीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "निघाली नाही."

ऐकलंत? निघाली नाही! शब्दाला शब्द खरा. मी आयुष्यभर बुरशी पाठीवर वागवली, पण त्या वाक्याइतकं बुळबुळीत मी दुसरं काही अनुभवलं नाही.

धाकटी खारुताईला घेऊन अंगणात गेली तेव्हा नवराबायको माझ्याच आडोशाला कुजबुजायला आले. कपाटाजवळ बोललेलं कुठे जात नाही, असं माणसांना का वाटतं कोण जाणे.

"अहो, सांगून टाका तिला," सूनबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा कापत होता, हे मी नाकारत नाही. "लहान पोर आहे."

"आता कसं सांगू? इतक्या लोकांना सांगून बसलोय. आणि तिने नाही घेतलं तर ती बातमी पसरेल, मग दुसराही कोणी घेणार नाही. आपली नवी जागा गेलीच मग."

"मग?"

"तिला घेऊ दे. नंतर मी हळूच प्लंबर पाठवून देईन. सावकाश."

"पुढच्या वर्षी," असंच ना? माझ्या मनात आलं. बापाचं वाक्य मुलाच्या ओठांवर येऊन थांबलं होतं, एवढाच फरक.

दुपारी धाकटी मागच्या खोलीत वितीने भिंत मोजायला लागली. "खारुताईची खाट इथे. आई, तू राहायला आलीस की तिच्यासमोर. हे कपाट आपण त्या खिडकीशेजारी घेऊ, पूर्वी होतं ना तिथे? तेव्हा किती छान दिसायचं."

"कपाट नको हलवूस," थोरला दारातून पटकन म्हणाला. "जड आहे. मोडेल."

"मोडू दे. मोडलं तर मोडलं."

"अगं, राहू दे म्हणतोय ना!"

तिने त्याच्याकडे आश्चर्याने बघितलं. भांडायला नको म्हणून विषय सोडून दिला. खारुताई माझ्या दाराला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. मघापासून ती खोकत होती. आता तिच्या श्वासाला शिट्टी लागली. बारीक, किटलीसारखी. खांदे वरखाली व्हायला लागले. धाकटीने पिशवीतून तिचा पंप काढला, तोंडाला लावला. "प्रवासाचं आहे. धूळ लागली असेल गाडीत. शांत हो, बाळा. घे श्वास, हळू."

आई उठल्या. मला वाटलं पाणी आणायला उठल्या. त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या कडेला दोन्ही हात लावले आणि खांद्याने मला ढकलायला लागल्या. त्यांना स्वतःलाच धाप लागली. मी जागचा हललो नाही. मी भिंतीला चिकटून कुजलो होतो.

"आई, काय करतेस?" थोरला ओरडला.

"ओढ ते कपाट."

"आई, ऐक..."

"ओढ म्हणते ना!"

तो हलला नाही. दारात उभा राहिला, हात लोंबते सोडून. तेव्हा धाकटी उठली. तिला काही कळलं नव्हतं, पण आईचा चेहरा तिने बघितला होता. दोघींनी मिळून मला धरलं आणि पुढे ओढलं.

मी आलो. माझी पाठ आली नाही. ती भिंतीलाच राहिली. ओलं फडकं फाटावं तसा आवाज झाला आणि माझ्या आतले कपडे त्या भोकातून मागच्या चिखलात पडले. मग वास सुटला. इतक्या वर्षांचा. धाकटीने पदर शोधत न बसता थेट हाताने तोंड दाबलं. लॅव्हेंडर वगैरे सगळं एका क्षणात मेलं. भिंतीवर खालपासून वरपर्यंत काळं, हिरवं, पांढरं. प्लायवूडचे तुकडे तिच्यावर सालीसारखे लटकलेले. उजेड पडताच झुरळं चारी दिशांना पळाली.

खारुताई उठून उभी राहिली. पंप हातात तसाच. "आजी," ती म्हणाली, "भिंतीला केस आलेत."

धाकटीने आधी पोरीला उचललं आणि बाहेर अंगणात नेऊन बसवलं. मग परत आली. दारातच थांबली, आत आली नाही.

"तुला माहीत होतं?"

थोरल्याने खाली बघितलं. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात पुतळ्यासारख्या उभ्या.

"दादा, तुला माहीत होतं का?"

"अगं, ते तुझ्यासाठी नव्हतं," तो म्हणाला. आवाज रडवेला झाला होता. "शपथ घेऊन सांगतो. तू घेशील असं मला काय माहीत? ते बाहेरच्यांसाठी होतं."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. हळूच म्हणाली, "बाहेरच्यांच्या पोरांना छाती नसते का रे?"

आई खाटेवर टेकल्या. म्हणाल्या, "मीही गप्प बसले. मला वाटलं, म्हातारीचा खोकला तो. त्यापायी पोराचं घर कशाला अडवू? पण ही पोर माझ्यासमोर शिट्ट्या मारायला लागली..." पुढचं त्यांना खोकल्याने बोलू दिलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने धाकटी परत गेली. आई तिच्याबरोबर गेल्या. थोरला म्हणाला, "आई, नव्या जागेत तुझी खोली..." आई म्हणाल्या, "आधी ही भिंत उघड. मग बोलू." एका पिशवीत मावले तेवढेच कपडे घेतले, तेही दोरीवरचे. माझ्यातलं एकही वस्त्र घेतलं नाही. मला त्याचा राग नाही आला.

भिंत उघडली. आईंच्या शब्दाखातर की शेजाऱ्यापाजाऱ्यांत झालेल्या बोभाट्यापायी, ते मला सांगता येणार नाही. प्लंबरने गंजून चाळणी झालेला पाईप काढला, आणि त्याच्यामागून काळा गाळ घमेल्याघमेल्याने बाहेर आला. नवा पाईप बसवायला एक दुपार पुरली. एक दुपार! ज्यासाठी मी कुजलो, आईंची छाती गेली, एक बहीण भावाला मुकली. तपासणीवाल्या बाई पुन्हा येऊन गेल्या. भिंतीला यंत्र लावून म्हणाल्या, "अजून वाळू द्या. रंगाची घाई नको." घर आता कधीतरी विकलं जाईल, आणि घेणाऱ्याला निदान त्या एका भिंतीबद्दल कोणी फसवणार नाही. इथवर ठीक आहे.

मला व्हरांड्यात काढून ठेवलंय. मला वाटलं होतं, आता माझं सरपण होईल. मी तयार होतो. खरं सांगतो, आनंदाने तयार होतो. जळून गेलेलं लाकूड कोणाच्या छातीत शिरत नाही.

पण काल सूनबाई सँडपेपर घेऊन बाहेर आल्या. माझ्या दारांवर पॉलिशचा हात मारला. आरसा वर्तमानपत्राने घासून पुसला. मग थोरल्याने पाठीला नवं पातळ प्लायवूड ठोकलं, जुन्या कुजक्या चौकटीवरच. आत बुरशी तशीच, फळ्यांच्या सांध्यांत, खालच्या पायांत, जिवंत. त्यावर सूनबाईंनी फुलाफुलांचा चिकट कागद लावला. निळी फुलं. मग माझा फोटो काढला, समोरून, आणि फोनवर विक्रीची जाहिरात लिहिली. मोठ्याने वाचून दाखवत होत्या, "भक्कम जुनं लाकूड. उत्तम स्थितीत. लहान मुलांच्या खोलीसाठी योग्य."

"लहान मुलांच्या कशाला लिहिलंस?" थोरला म्हणाला.

"खेळणी मावतात हो भरपूर."

मला वाटलं, आता बोलेल. त्याने हातोडी पिशवीत टाकली आणि म्हणाला, "वास जरा येतोय अजून. दोन दिवस उन्हात राहू दे, मग बोलव लोकांना."

असे हे लोक. बहिणीच्या त्या प्रश्नाला महिनाही झाला नाही. भिंत सुधारली, मूठ तीच.

म्हणून मी आज बोलतोय. दोन दिवसांत कोणीतरी मला बघायला येईल. कदाचित तुम्हीच याल. माझी दारं उघडून आरशात स्वतःला बघाल, कप्प्यांवर हात फिरवाल, आणि लाकडाचं कौतुक कराल. हे दोघे शेजारी उभे राहून गोड हसतील. तेव्हा एवढं करा. मला आडवं पाडा आणि माझे पाय बघा. ती निळी फुलं नखाने एका कोपऱ्यात उचला. ते म्हणतील, "अहो, राहू द्या, मोडेल." त्यांचं ऐकू नका. मोडलं तर मोडू द्या. मग तोंडावर रुमाल धरा, यांना काय म्हणायचं ते म्हणा आणि रिकाम्या हाताने घरी जा. तुमच्या घरात एखादं पोर निजलेलं असेल. त्याचा श्वास ऐका आणि मला विसरून जा.